समाधानकारक झीज

बेळगावजवळ मच्छे गावच्या औद्योगिक वसाहतीत गोमटेश टायरसाठी रबराचं मिश्रण बनवायचा. त्याने कार्बन कमी करून सिलिका घातली, ती रबराला धरून राहावी म्हणून आणखी एक रसायन मिसळलं, आणि टायर असा झाला की हलका फिरे, डिझेल कमी खाई आणि झिजायचं नाव घेईना. निपाणीच्या बाबगोंडा आप्पांनी, म्हणजे त्याच्या सख्ख्या चुलत्यांनी, तंबाखूच्या टेम्पोला ते टायर घालून वर्षभर चालवले. इथवर सगळं सुरळीत होतं. मग गोमटेश प्रमाणपत्र मागायला गेला.

'टायर दीर्घायुष्य मंडळा'चे अधिकारी मारुतीराव सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, वाकून टायर निरखला आणि चुकचुकले.

"हा तर नवाच आहे."

"वर्षभर चाललाय, सर."

"चालला असता तर झिजला असता."

"झिजत नाही, हाच त्याचा गुण आहे. शिवाय डिझेलही कमी लागलं."

"बघा! डिझेल कमी लागलं, म्हणजे टेम्पो तेवढा फिरलाच नाही." मारुतीरावांचा आवाज मऊ झाला. "आयुष्य मोजायचं ते टायर संपल्यावर. हयात टायरबद्दल मंडळ काय बोलणार?"

मंडळाने टेम्पो ताब्यात घेतला आणि आवारात गोल गोल फिरवायला सुरुवात केली. नेमून दिलेलं डिझेल रोज उरू लागलं. डिझेल उरलं की चाचणी अपुरी. म्हणून संध्याकाळी टेम्पो जागेवर उभा करून इंजिन चालू ठेवण्यात येई. इंधनबचतीची चाचणी अशा रीतीने रोज पूर्ण होऊ लागली. टायर मात्र जसेच्या तसे.

तिकडून आप्पांचा फोन आला. "आरं, तंबाखू घरात काळा पडाय लागलाय. टेम्पो कवा मिळणार?"

"टायर संपल्यावर, आप्पा."

"मग संपव की त्येला!"

मारुतीरावांनीच वाट दाखवली. "तुमच्याकडे कानस असेल ना?"

दोन दिवस गोमटेश आपलाच टायर कानशीने घासत बसला. पोटच्या पोराला विनाकारण बडवावं तसं त्याला वाटत होतं. प्रमाणपत्र लगेच आलं: 'झीज समाधानकारक. आयुष्य एक वर्ष.'

टेम्पो सुटला. आप्पांनी निपाणीतल्या दुकानातून दुसऱ्याच कंपनीचे टायर आणून घातले.

"आप्पा, तुम्ही स्वतः वापरलाय की माझा टायर!"

"व्हय, लई चांगला हाय. पर ह्येच्यावर दोन वर्सं लिवलंय. तुझ्यावर एकच. मी काय करू, सांग?"

गोमटेश मोटारसायकलला लाथ मारून बेळगावच्या रस्त्याला लागला. शिक्क्यापुढे माणसाला स्वतःचा अनुभवही दिसत नाही, या विचाराने त्याचं डोकं तापलं होतं. पुढे पोलीस हेल्मेट नसलेल्यांना अडवत होते, म्हणून अलीकडेच रस्त्याकडेला विकायला मांडलेल्या ढिगातून त्याने एक हेल्मेट उचललं. आत थर्माकोल आहे की पुठ्ठा, हे काही त्याने पाहिलं नाही. मागचा प्रमाणित असल्याचा स्टिकर तेवढा नखाने खरवडून पाहिला.

स्टिकर मात्र टिकाऊ होता.