थावरूकाकांचे फ्रेंच कोश

बोरी अरब गावात आमच्या शेजारी राहणारे थावरू राठोड तुम्हाला घरात घेतील, चहा पाजतील. पण पुस्तकं दाखवण्याआधी साबणाने हात धुवायला लावतील आणि दोन्ही तळवे उजेडात धरून तपासतील. हे गृहस्थ स्वतः एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्मभर मेकॅनिक होते. त्यांच्या नखांतलं ग्रीस निवृत्तीनंतरही गेलेलं नाही.

पुस्तकं म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वीचे फ्रेंच ज्ञानकोश. जगातलं सगळं ज्ञान छापून काढायचं, असं तिकडच्या विद्वानांनी तेव्हा मनावर घेतलं होतं. त्यातले चित्रांचे चार खंड काकांच्या लोखंडी कपाटात कडुनिंबाच्या पाल्यात झोपलेले असतात. पहिला नागपूरच्या भंगारात सापडला, गिअरबॉक्स शोधताना. उरलेले पुदुच्चेरीचे. रामेश्वरला निघालेली मंडळी पुढे गेली आणि काका वाटेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात बसून राहिले. काकू एकट्याच देवदर्शन करून आल्या. तो विषय निघाला की अजून स्वयंपाकघरात भांडी आपटतात.

फ्रेंच येतं का, असं मी एकदा विचारलं तेव्हा काकांना माझी कीव आली.

"सर, इंजिन खोलाले इंग्रजी लागते काय? चित्र पाहा न."

चित्रं मात्र पाहण्यासारखी. टाचणी कशी घडवतात, काच कशी फुंकतात, सरदारांचे केसांचे टोप कसे विणतात. टोपाची विद्या काकांनी गावच्या न्हाव्याला शिकवायला घेतली होती. काका दिसले की तो आता शटर अर्धं ओढून घेतो.

मागच्या हिवाळ्यात गावात वाचनालय झालं. म्हणजे इमारत झाली, पुस्तकं यायची होती. उद्घाटनाला कपाटं रिकामी दिसू नयेत म्हणून समितीने काकांचे खंड मागून नेले. खंडांसोबत काकाही गेले आणि कपाटाला खुर्ची लावून बसले. पुढाऱ्यांनी फोटोसाठी गुलालाचा हात पुढे केला. काकांनी शांतपणे त्यांना हात धुऊन यायला सांगितलं. नव्या नळाला पाणी नव्हतं. शेवटी पुढाऱ्यांनी लांबूनच पुस्तकांकडे बोट दाखवत फोटो काढला आणि गावात ज्ञानगंगा अवतरल्याचं भाषण केलं. भाषण संपायच्या आत काका खंड घेऊन घरी. त्या दिवशी काकू पहिल्यांदा नवऱ्याच्या बाजूने बोलल्या.

परवा दुपारी मी गेलो तेव्हा काकू अंगणात कांचळी शिवत होत्या, आरसे जडवलेली बंजारा चोळी. समोर काका वही घेऊन बसले होते. वहीत पेन्सिलीने काढलेला काकूंचा हात, सुई धरलेला. एकेका टाक्याला आकडा, खाली नाव.

वर्षभरापासून काकूंचा उजवा हात थरथरतो. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. आणि तांड्यात हे टाके आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत.

मी काही विचारायच्या आधीच काका म्हणाले, "त्या पुस्तकांत दुनियेतल्या साऱ्या कारागिरांचे हात हायेत, सर. हिचाच नाई."

काकूंनी वाकून वहीत पाहिलं. चित्रातला हात अगदी स्थिर होता.

"माहा हात तं हालते," त्या म्हणाल्या. "खोटं काहून काढता?"

काकांनी मान वर केली नाही. पेन्सिलीने बोटाची रेघ पुरी केली.

"मले असाच दिसते," ते म्हणाले.