चौथ्या धड्याचं गहाळ पान

"इंग्रजीचं टेन्शन तू घेऊ नकोस. इंग्रजीचं मी बघतो," असं मी एका रविवारी दाढी करता करता सहज बोलून गेलो. दाढी करताना माणसानं गप्प बसावं, हे मला तेव्हापासून पटलं आहे.

हे वाक्य मी बोललो ते आमच्या सौभाग्यवतीला, म्हणजे रत्नप्रभाला. साल शहाऐंशी. बोरिवली पूर्वेला हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीत आमची दीड खोली. (अर्धी कुठली आणि अख्खी कुठली, हे अजून ठरलेलं नाही.) रत्नप्रभा जवळच्या एका बालवाडीत मदतनीस होती. चार वर्षं ती तिथं पोरांची नाकं पुसत होती, चपला जुळवत होती आणि बाई रजेवर असल्या की अख्खा वर्गही सांभाळत होती. पण पोरं तिला "मावशी" म्हणायची. शिकवते ती "बाई" आणि नाक पुसते ती "मावशी", असा तिथला कायदा.

रत्नप्रभाला बाई व्हायचं होतं. मुख्याध्यापिकांनी तिला साफ सांगितलं होतं, "बारावी हो, जूनपासून तुला वर्ग देते. नाही झालीस तर मला दुसरी बघावी लागेल." म्हणून तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून घरच्या घरी बारावी दिली होती. मार्चमध्ये सगळे विषय सुटले, इंग्रजीत अठ्ठावीस. निकालाच्या दिवशी ती रडली नाही. तिनं घरातली सगळी भांडी काढून घासली, घासलेलीसुद्धा. ते मला बघवलं नाही. मुख्याध्यापिका ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत थांबायला तयार होत्या, तोच शेवटचा चान्स, म्हणून मी ते वाक्य बोललो.

आता माझी लायकी सांगतो. मी बी.ए. आहे. तिसऱ्या वर्गात. (चौथा वर्ग नसतो म्हणून.) शिवाय एका सरकारी खात्यात आवक-जावक विभागात चौदा वर्षं कारकून. रोज वीस-पंचवीस इंग्रजी पत्रं माझ्या हाताखालून जातात. धड्यातल्या चार-पाच पानी गोष्टीला मी काय घाबरणार?

पहिल्याच रविवारी आम्ही चौथा धडा उघडला. मी रत्नप्रभाला माझी पद्धत समजावून दिली. "हे बघ, गोष्ट म्हणजे एक फाईल असते. अर्जदार कोण, मागणी काय, निर्णय काय, एवढं बघायचं. तीन प्रश्न सुटले की गोष्ट सुटली."

गोष्ट अशी होती. एका बेटावर एक बाई राहते. नवरा होडी घेऊन मासेमारीला गेलेला. वादळ होतं, तीन दिवस जातात, होडी येत नाही. शेजारीण म्हणते, आता आशा सोड. बाई घरी येते, चूल पेटवते, चहाचं आधण ठेवते आणि टेबलावर दोन कप मांडते.

मी पान उलटलं. पुढे पाचवा धडा.

"हे काय? निर्णय कुठाय?"

"संपली वाटतं," रत्नप्रभा म्हणाली.

"अशी कशी संपेल? नवरा आला की नाही? प्रकरण प्रलंबित आहे हे! अगं, सेकंडहँड पुस्तक आहे ना हे? कुणीतरी पान फाडलंय."

दाराशी माझे सासरे, धाकूमामा, तंबाखू मळत बसले होते. तीस वर्षं गिरणीत काढलेला माणूस. संपानंतर गिरणी उघडली नाही तेव्हापासून आमच्याकडे असत. ते तिथूनच म्हणाले, "तेच्या बायलेन दोन कप मांडल्यान मां? मगे झाली गजाल! आणखी काय व्हया तुमका, आरती?"

(त्यांच्या मालवणीत गजाल म्हणजे गोष्ट.) मी हसून सोडून दिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं ना!

पुढच्या रविवारी शेजारच्या शेवंती आणि कमल आपापली पुस्तकं घेऊन आल्या. त्यांचंही इंग्रजीच राहिलं होतं आणि रत्नप्रभाचे मिस्टर फुकट शिकवतात ही बातमी जिन्यावरून खाली गेली होती. दोघींची पुस्तकं कोरी करकरीत. मी ऐटीत म्हणालो, "चला, उघडा चौथा धडा. आता कळेल शेवट."

दोघींच्या पुस्तकांतही बाईनं दोन कप मांडले आणि पुढे पाचवा धडा.

इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "छापखान्याची चूक आहे. अख्खी आवृत्तीच सदोष निघालीय."

"काय सांगता भाऊजी!" शेवंती म्हणाली. "म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचं पान गेलंय?"

"सगळ्या महाराष्ट्राचं. आणि कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

सोमवारी मी पुस्तकाच्या प्रकाशकांना रीतसर पत्र धाडलं. विषय: धडा क्रमांक चारमधील गहाळ पानाबाबत. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. मग तातडीचं स्मरणपत्र, लाल शाईनं अधोरेखित. उत्तर काही येईना. इकडे परीक्षा महिन्यावर आली. रत्नप्रभा पहाटे पाचला उठून, ओट्यापाशी उभी राहून पाठांतर करायची. एक दिवस मी विचारलं, "चौथ्या धड्याचं काय करतेस?" तर म्हणाली, "जेवढं आहे तेवढं वाचते." मला फार वाईट वाटलं. माझ्या भरवशावर बसलेली बाई अर्धवट गोष्टीवर परीक्षेला जाणार!

मग मी ते पान स्वतःच लिहिलं.

खोटं कशाला बोलू, चांगलं उतरलं होतं. नवरा चार वीसच्या लाँचनं सुखरूप परत येतो. (मार्वेहून मनोरीला लाँच जाते, ते मी पाहिलेलं होतं, म्हणून तपशील बरोबर.) दारात उभा राहून बायकोला म्हणतो, "आय बेग टु स्टेट दॅट आय हॅव रिटर्न्ड." सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडतो. त्याची तीन दिवसांची गैरहजेरी अर्जित रजेत धरली जाते. पुढे त्याला सीनिऑरिटीसकट मुख्य नावाडी करतात, बायको 'व्हेरी मच प्लीज्ड' होते आणि दोघं चहा घेतात. शेवटी तात्पर्य: रजेचा अर्ज नेहमी आगाऊ द्यावा.

ऑफिसातल्या अंबादासनं ते टाइप करून दिलं. टाइप करताना मध्येच थांबून त्यानं विचारलं, "साहेब, झकास आहे. पण हा माणूस कुठल्या सेक्शनचा?"

घरी येऊन मी पान पुस्तकात खळीनं चिकटवलं आणि थाप मारली, "रत्ना, मिळालं बघ! एका मित्राकडे जुनी आवृत्ती होती. त्यातनं उतरवून घेतलं." तिनं पान वाचलं. दोनदा वाचलं. मग पदर तोंडाशी नेऊन ती आत गेली. मला वाटलं, शेवट गोड झाला म्हणून गहिवरून आलं असेल. पुढचे चार रविवार मी तो शेवट तिघींना रंगवून शिकवला. तिघी इतक्या मन लावून ऐकायच्या की कमलच्या डोळ्यांतून तर पाणीच यायचं.

परीक्षेचा दिवस उजाडला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रत्नप्रभानं देवाला नमस्कार केला, वडिलांच्या पाया पडली आणि दहाला शेवंती-कमलबरोबर निघाली. साडेदहाला पोस्टमन आला. प्रकाशकांचं उत्तर! मी धाकूमामांना म्हटलं, "बघा, नेट लावला की दाद लागते." आणि पाकीट फोडलं.

'आपल्या तीन पत्रांच्या संदर्भात कळवण्यात येते की, धडा क्रमांक चारमधील कोणतेही पान गहाळ नाही. सदर कथा तेथेच संपते. लेखकाने ती तेथेच संपवली आहे.'

मी पत्र पुन्हा वाचलं, मागं-पुढं फिरवून बघितलं. तेथेच संपते. आणि माझी बायको त्या क्षणी मुख्य नावाड्याची सीनिऑरिटी डोक्यात घेऊन परीक्षेच्या हॉलकडे चालली होती! तिची नोकरी गेली, तिचं 'बाई' होणं गेलं, आणि ते मी माझ्या हातांनी, खळ लावून घालवलं होतं. बनियनवर शर्ट चढवला आणि रिक्षा पकडली. रिक्षावाला म्हणाला, "हॉस्पिटल?" मी म्हटलं, "परीक्षा!" तो म्हणाला, "एकच बात है."

कांदिवलीच्या त्या शाळेपाशी पोचलो तेव्हा घंटा होऊन वीस मिनिटं झाली होती. फाटकावर हवालदार.

"मला आत जाऊ द्या! फार महत्त्वाचं आहे!"

"हातात काय आहे?"

"पत्र."

त्यानं ते ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. "'धडा क्रमांक चार'... आयला! लोक चिठ्ठ्या फेकतात, तुम्ही कॉपी लेटरहेडवर आणली? डेरिंग आहे हां!"

"कॉपी नाही हो! माझी बायको आत चुकीचं उत्तर लिहितेय!"

"सगळ्यांच्याच बायका लिहितायत. बसा तिकडं. पेपर सुटल्याशिवाय हलायचं नाही."

पाऊण तास मी त्याला कथेचा शेवट समजावत होतो. शेवटी त्यानंच विचारलं, "मग नवरा आला की नाही?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "तुम्हालाच माहीत नाही आणि आत काय सांगायला निघाला होता?" ऑक्टोबरच्या उन्हात त्या बाकावर बसून मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला. नोकरीचा नव्हे, नवरेपणाचा.

दोन वाजता तिघी बाहेर आल्या. हसत येत होत्या. मी धावत गेलो.

"रत्ना, वाट लागली! ते पान खोटं होतं. मी लिहिलं होतं ते. मला माफ कर!"

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही लिहिलंय ते. पहिल्या दिवसापासून. अहो, खळ ओली होती अजून! आणि समुद्रातून मरता मरता वाचलेला माणूस बायकोला 'आय बेग टु स्टेट' म्हणेल का?"

कमलच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी यायला लागलं. आता मला त्याचं कारण कळलं.

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? माझ्यासाठी एवढं केलंत. नातेवाइकांना चार ओळींचं पत्र लिहायला कंटाळणारा माणूस, माझ्यासाठी अख्खं पान लिहून आणलंत. मला काय आवडलं नसेल?" मग ती म्हणाली, "आज त्याच धड्यावर मोठा प्रश्न होता. गोष्ट तिथंच का संपते, ते लिहा."

"काय लिहिलंस?"

"आईबद्दल लिहिलं. संप मिटला म्हणत होते तेव्हा बाबा रोज गिरणीच्या फाटकावर जायचे. फाटक उघडत नव्हतं. तरी आई रोज सकाळी उठून डबा भरायची, दोन भाकऱ्या आणि सुकटाची चटणी. शेजारणी म्हणायच्या, कशाला भरतेस? ती भरायचीच. गिरणी उघडली की नाही ही वेगळी गोष्ट, अहो. आईची गोष्ट डबा भरला तिथंच पुरी होते. या बाईची दोन कप मांडले तिथं."

बी.ए. झालो, चौदा वर्षं इंग्रजीत काढली, आणि एक गोष्ट मला समजली ती त्या दिवशी, कांदिवलीच्या रस्त्यावर, बनियनला घाम फुटलेला असताना, बायकोकडून. मला तिचा इतका अभिमान वाटला की हवालदारालाही मी ते सगळं परत सांगितलं. त्यानं पत्र परत दिलं आणि तिला सलाम ठोकला.

निकाल लागला. इंग्रजीत एकसष्ट! शेवंती आणि कमलही सुटल्या. जूनमध्ये रत्नप्रभाला वर्ग मिळाला. पहिल्या दिवशी घरी आली ती दारातच म्हणाली, "आज एका पोरानं हाक मारली, 'बाई, माझं नाक!'" आणि मग मात्र ती मनसोक्त रडली. धाकूमामा म्हणाले, "रडतंस कित्याक? नाक तां नाकच!" पण धोतराच्या सोग्यानं स्वतःचे डोळे पुसत होते.

त्याच आठवड्यात शेवंती आपल्या जावेला आणि आणखी चार बायकांना घेऊन दारात उभी राहिली. सगळ्यांच्या हातांत इंग्रजीची पुस्तकं.

"भाऊजी, या वर्षी यांना शिकवायचं. नाही म्हणायचं नाही."

माझी छाती फुगली. तरी प्रामाणिकपणे म्हटलं, "अहो, झालं ते माहीत आहे ना? मला कुठं कळतं गोष्टीतलं? रत्नप्रभा आहे, तिलाच सांगा ना."

"ती कशाला? तिनं सांगितलं तर नुसतं बरोबर काय ते कळेल," शेवंती म्हणाली. "पेपरात दुसरा प्रश्न होता, पुढे आणखी काही लिहिलं असतं तर गोष्टीचं काय झालं असतं? आम्ही तिघींनी तुमचं अख्खं पान उतरवून काढलं आणि खाली लिहिलं, गोष्टीची अशी वाट लागली असती! त्यात तिघींना पैकीच्या पैकीच मिळाले असणार."

मी रविवारची वेळ दिली आहे. पाचव्या धड्याचा शेवट टाइपिंगला गेलाय.