लुंगीसकट गोधडी

सचिनने पुण्याहून आईसाठी विजेवर चालणारं शिलाई मशीन पाठवलं आणि शकुबाईंनी ते पाहून लांबूनच हात जोडले. जन्मभर त्यांनी हातानेच गोधड्या शिवल्या होत्या. मशीन खोक्यातच राहिलं असतं; पण त्यांचे यजमान महादेवराव एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त होऊन देवळीच्या घरी बसले होते आणि पायाने दाबायचं पॅडल पाहून त्यांचा जीव हरखला. तसल्याच एका पॅडलवर पाय ठेवून त्यांची सारी नोकरी झाली होती.

"मीच शिवतो," ते म्हणाले. लेक मंजुषा वडनेरला दिली होती. तिच्या दुसऱ्या बाळाचं बारसं रविवारी होतं आणि त्याला आजोळची गोधडी द्यायची होती.

शकुबाईंनी समजावून सांगितलं. गोधडीचे तीन थर असतात, ते एकमेकांवरून सरकतात. म्हणून आधी धावदोरा घालायचा, नाहीतर जवळजवळ पिना लावायच्या, आणि शिवण मधून सुरू करून कडेकडे न्यायची. प्रवासी रस्ता सांगू लागला की ड्रायव्हर जसं ऐकून घेतो, तसं महादेवरावांनी ऐकून घेतलं. शकुबाई शेजारी धुरपताकडे कुरडया घालायला गेल्या.

महादेवरावांनी चार कोपऱ्यांना चार पिना लावल्या आणि कडेपासून सुरुवात केली. पॅडल दाबताच मशीन असं सुटलं की पहिली ओळ गोधडीतून बाहेर पडून पुन्हा आत आली. दुसरी ओळ पहिलीला आडवी गेली. ब्रेक कुठे आहे हे त्यांनी वाकून पाहिलं. नव्हता. शिवाय वरचं कापड पुढे निघून जात होतं आणि खालचं थांब्यावरच राहत होतं. शेवटी त्यांनी सगळा गठ्ठा मांडीवर ओढला, गुडघ्यांत घट्ट धरला आणि ताणून शिवायला घेतला. मग मात्र ओळी सरळ आल्या. महादेवराव खूश झाले.

खालचा दोरा गुंतून मशीन थांबलं तेव्हा ते पाणी प्यायला उठले. म्हणजे उठू लागले. त्यांच्याबरोबर गोधडी उठली आणि गोधडीबरोबर मशीन कलंडू लागलं. ते घाईने बसले. नेसलेली चौकड्याची लुंगी विनातिकीट आत शिरली होती आणि शेवटच्या सगळ्या ओळींत शिवली गेली होती.

सुई कापडात रुतलेली, खाली दोऱ्याचा गुंता. कात्री टीव्हीच्या फळीवर. लुंगीतूनच बाहेर पडावं, असं त्यांनी ठरवलं. कमरेची गाठ सोडलीही. तेवढ्यात फाटक वाजलं.

दारात मंजुषाचे सासरे तानबाजी उभे होते. लग्नात वरात मांडवात आली तेव्हा महादेवराव खुर्चीवर बसून चपलेतला खडा काढत होते, व्याह्यासाठी उठले नव्हते. त्या दिवसापासून तानबाजींनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. आज सुनेने फार गळ घातली, म्हणून बारशाचं आवतण द्यायला ते स्वतः आले होते. ते उंबऱ्यापाशीच थांबले आणि वाट पाहू लागले.

महादेवरावांनी बसल्या बसल्या हात जोडले.

"लग्नातही तुमी बसूनच होते, व्याहीबुवा," तानबाजी म्हणाले आणि वळले.

"उठता येऊन नाई राह्यलं हो मले."

हे खरं होतं. तानबाजी थांबले. "काऊन? गुडघे?"

"गुडघे," महादेवराव म्हणाले. हे खरं नव्हतं.

"लग्नातही गुडघेच होते?"

"तवापासूनच."

तानबाजींचा चेहरा पार बदलला. सांगायचं नाही का तेव्हाच, म्हणत ते आत आले आणि थेट खाली जमिनीवर बसले. त्यांच्या पिशवीत बाटली होती. लसूण-ओवा घालून उकळलेलं एरंडीचं तेल ते स्वतः बनवत. वासामुळे त्यांच्या घरी ते कुणी अंगाला लावून घेत नसे. व्याह्याने व्याह्याच्या पायाला हात लावायचा म्हणजे भलतंच. महादेवराव नको नको म्हणत राहिले. पण गोधडी दोन्ही हातांनी धरून ठेवलेली, पाय मागे घ्यायची सोय नाही. तानबाजींनी खालून हात घातला आणि गुडघे चोळायला सुरुवात केली. महादेवराव पंख्याकडे पाहत बसले.

शकुबाई परतल्या त्या याच वेळी. त्यांनी खाली बसलेले व्याही पाहिले, नवरा पाहिला, मग गोधडीच्या खालच्या बाजूला लुंगीच्या चौकड्या पाहिल्या.

"हात धुऊन घ्या, व्याहीबुवा. टाकी मांगं हाय," त्या म्हणाल्या. "मी चहा ठेवते."

तानबाजी मागच्या दारी गेले. शकुबाईंनी कात्री घेतली, लुंगी शिवणीच्या कडेने कापून काढली आणि उरलेली नवऱ्याच्या हातात दिली. तानबाजी हात पुसत आले तेव्हा महादेवराव पायजमा घालून, हातात कपबशी घेऊन उभे होते.

तानबाजी मटकन खुर्चीत बसले. स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहू लागले.

"चालून दाखवा बरं," ते म्हणाले.

महादेवराव दारापर्यंत जाऊन आले. खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलंही. पण तानबाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "माह्या घरचे हसत होते या तेलाले," ते म्हणाले.

महादेवरावांनी तोंड मिटलं.

रविवारी वडनेरला तानबाजींनी त्यांना फाटकावरूनच हाताला धरून नेलं आणि मांडवाच्या मधोमध खुर्चीवर बसवलं. समोर गावातली गुडघेदुखीची सगळी म्हातारी माणसं सतरंजीवर बसली होती.

"उठा," तानबाजी म्हणाले. महादेवराव उठले. माणसं पुटपुटली. "बसा." ते बसले. मग उशिरा आलेल्यांसाठी पुन्हा उठले. पाळणा झाला, जेवणं झाली, पंगतीगणिक नवी माणसं येत गेली आणि महादेवराव उठत-बसत राहिले. बाळ लुंगीच्या चौकड्या तशाच राहिलेल्या त्या गोधडीवर गाढ झोपलं होतं.

संध्याकाळी देवळीला घरासमोर उतरताना त्यांचा पाय वाकेना. दोन्ही गुडघे टम्म सुजले होते. शकुबाईंनी त्यांना खाटेवर बसवलं, तानबाजींनी प्रेमाने दिलेला तेलाचा डबा उघडला आणि रोज दोन वेळा, असं सलग आठवडाभर चोळलं.

काडीचा गुण आला नाही. आणि वडनेरहून तानबाजींचा फोन आला, की येत्या रविवारी गाडी पाठवतो, आजूबाजूच्या गावांतलेही लोक येऊन राह्यले.