मिठाची भिंत

गोदामातलं जुनं मीठ फेकून द्यायचं नाही, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं होतं. पुढं जे झालं त्यात माझा काही हात नव्हता, असं मी सगळ्यांना सांगतो. (बायको समोर नसेल तेव्हा.)

सेलूत माझं किराणा दुकान आहे. शाळा सातवीत सुटली, पण गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळतं, हा गूळ घेणार की नुसता चाखून जाणार. खाली दुकान, वर माडी, आणि माडीवर आम्ही तिघं: मी, माझी बायको नर्मदाबाई आणि एकुलता एक मुलगा परमेश्वर. शिवाय गावाच्या कडेला आमचं एक घर आहे. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या एका मुनिमानं हौसेनं बांधलेलं. तो गाव सोडून गेला तेव्हा मी ते घेतलं आणि त्यात मीठ भरलं. आत मीठ, बाहेर गाजरगवत, अशीच वर्षं गेली. गवत इतकं माजलं की फाटकातून दार दिसेना. एकदा एक कुरिअरवाला पत्ता शोधत आत शिरला, तो थेट मागच्या शेतातून बाहेर निघाला. दार लागलंच नाही म्हणाला.

असं ते घर आणखी दहा वर्षं सुखानं पडलं असतं. पण परमेश्वर पोखर्णीच्या नरसिंहाला वरचेवर जाऊ लागला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण हा पोरगा घरातल्या देवाला हात जोडत नाही. पोखर्णीची अर्पिता त्याला पसंत होती, आणि तोही तिला पसंत होता. (हे मला अजून पुरतं उमजलेलं नाही.) तिचे वडील व्यंकटराव, जमीनजुमल्याचे मातबर माणूस. त्यांचा फोन आला.

"पोरगा चांगला हाय, शिवाप्पा. पण माझी पोरगी दुकानाच्या माडीवर मिरचीच्या ठसक्यात न्हाई नांदायची. तुमी म्हंता गावाच्या कडंला घर हाय. ते दाखवा. पटलं तर सुपारी फोडू, न्हाई तर रामराम. रविवारी येतो."

फोन ठेवला तेव्हा परमेश्वर ताटावर बसला होता. त्यानं हातातली भाकरी परत ठेवली. आमच्या घराण्यात परत ठेवलेल्या भाकरीचा दाखला नाही, तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

"बाहेरून चांगला कंपनीचा रंग द्या," नर्मदाबाई म्हणाली. "पाऊसपाणी सोसतो तसला."

"चुना द्यायचा," मी म्हणालो.

"अहो, चुना गुरांच्या गोठ्याला देतात!"

"त्यात मीठ घातलं की तो कंपनीच्या बापाला ऐकत नाही."

हे काही मी मनचं सांगत नव्हतो. चुन्यात मूठभर मीठ घातलं की तो भिंत धरून बसतो, पाठ टेकली तरी सदऱ्याला लागत नाही. माझे वडील घालायचे. मी फक्त विचार थोडा पुढं नेला. मूठभरानं एवढं होतं, तर पोतंभरानं काय होईल! आणि आत खडेमीठ तर पडूनच होतं. हल्ली ते कुणी घेत नाही, सगळ्यांना पुडीतलं पिठासारखं पाहिजे. म्हणजे एका दगडात भिंतही पक्की आणि गोदामही रिकामं. व्यापार याला म्हणतात.

सिद्धोधन पेंटरनं ड्रममध्ये वाकून पाहिलं. मी ओततच होतो.

"अप्पा, भित रंगवायलो का लोणचं घालायलो?"

"तू ब्रश चालव."

"चालवतो की. मला काय, म्हनलं तर फोडणी बी देतो."

गुरुवारी काम संपलं. खरं सांगतो, घर असं काही उजळलं की रस्त्यानं जाणारे डोळ्यांवर हात धरू लागले. मुनिमाच्या काळातला जुना गर्द निळा रंग कुठल्या कुठं दडला. परमेश्वरनं लगेच फोटो काढून पोखर्णीला पाठवला आणि त्या दिवशी तो तीन भाकरी जेवला. मग मी रोपवाटिकेतून मोगरा, जास्वंद आणि कर्दळ आणून फाटकापासून दारापर्यंत लावली. हौद टँकरनं भरून घेतला. आमच्याकडं नळ कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं.

राहिलं फक्त गाजरगवत. फोटो काढताना परमेश्वरनं शिताफीनं त्याच्या वरून काढला होता, पण पाहुणे काही वरून येणार नव्हते.

मजूर पाहायला गेलो तर एकही हाती लागेना. कापसाची वेचणी जोरात, बाया-माणसं सगळी रानात. एकीला विचारलं तर ती म्हणाली, "अप्पा, लयच घाई आसंल तर तुमीच बसा की खुरपं घिऊन. पोट बी कमी हुईल."

शनिवारी दुपारी मी दुकानात असा चिंतेत बसलेलो, तेवढ्यात पायरीवर बिरू आला. बिरू मेंढपाळ, दरसाल दिवाळी झाली की चारठाण्याकडून मेंढरं-शेळ्यांचा कळप घेऊन खाली उतरतो. त्याला आणि त्याची बायको भिवराबाईला चहापत्ती, तंबाखू माझ्याकडूनच लागते. त्याला पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (असा उजेड पडला की मी हल्ली डोळे मिटून घेतो.)

"बिरू, आज मेंढरं माझ्या अंगणात बसव."

बिरू माझ्याकडं पाहतच राहिला. मेंढरं रानात बसवतात. रात्रभर बसली की लेंड्या-मुतानं रान कसदार होतं, म्हणून शेतकरी मेंढपाळाला वर ज्वारी देतो. किराणा दुकानदाराच्या दारात मेंढरं बसल्याचं त्याच्या बापजाद्यांनीही ऐकलं नव्हतं.

"अंगनात? आन् ज्वारी किती देता?"

"ज्वारी कसली? तुझी मेंढरं माझं गवत फुकट खाणार. तूच मला दे काहीतरी."

"अप्पा, बसवनारा देतो. जगाची रीत हाय."

"खाणारा देतो. दुकानाची रीत आहे."

असं बराच वेळ चाललं. शेवटी मी चहापत्तीचा एक पुडा आणि गुळाचा एक खडा द्यायचा, यावर मिटलं. संध्याकाळी सगळा कळप फाटकातून आत गेला. भिवराबाईनं दारापाशी तीन दगडांची चूल मांडली. मी माडीवर येऊन नर्मदाबाईला म्हणालो, "सकाळी जाऊन बघ. अंगण असं साफ झालेलं असेल, ताटासारखं." आणि अशा समाधानानं झोपलो की सांगता सोय नाही.

सकाळी मी, नर्मदाबाई आणि परमेश्वर शिऱ्याचं सामान घेऊन पोहोचलो.

अंगणात गाजरगवत उभं होतं. सगळंच्या सगळं. एक पान कमी झालं नव्हतं. उलट रात्रभर सोबत मिळाल्यानं ते जास्तच टवटवीत दिसत होतं. मोगरा नव्हता. जास्वंद नव्हती. कर्दळीच्या जागी खड्डे होते. दारावरच्या तोरणाचा फक्त सुतळीचा दोरा राहिला होता.

"बिरू! अरे, गवत?"

"त्याला कोन तोंड लावतंय, अप्पा? जहर कडू आसतंय ते."

"मग काल बोलला का नाहीस?"

"तुमी म्हनलं बसवा. बसवली. आता काय खावं ते बी मीच सांगू व्हय त्येंला?"

पण नर्मदाबाई गवताकडं पाहत नव्हती. ती घराकडं पाहत होती. मीही पाहिलं.

मिठाचा वास कळपाला आत शिरतानाच लागला असणार. भिंतीला चौफेर मेंढरं चिकटली होती आणि एकचित्तानं चाटत होती. जिथवर मेंढीचं तोंड पोहोचतं तिथवरचा चुना साफ गेला होता आणि खालून मुनिमाचा निळा रंग वर आला होता. शेळ्यांनी मागच्या पायांवर उभं राहून मेहनत घेतली होती, त्यामुळं निळ्याचे मधूनमधून शिखरासारखे कळस निघाले होते. वर पांढरं, खाली निळं, मधे कळस.

"काय लावलंय वं भित्तीला?" भिवराबाई माझ्यावरच खेकसली. "रातभर हटंनात. मी हाकलून हाकलून बेजार. आन् मग तहान तहान! आख्खा हौद पिऊन टाकला बगा."

"हौद?" नर्मदाबाई खाली बसली. "पाहुण्यांच्या चहाचं पाणी?"

"मह्या मेंढराचं पोट बिघडलं तर जिम्मा कोनाचा?" भिवराबाईचा वेगळाच हिशेब चालू होता.

परमेश्वर नुसता "अप्पा" एवढंच म्हणाला. याच पोरानं पहिल्यांदा बोलायला शिकल्यावर हाच शब्द उच्चारला होता आणि मी गावात पेढे वाटले होते. या वेळचा "अप्पा" पेढे परत मागणारा होता.

"हाकला! आधी सगळी बाहेर हाकला!" मी ओरडलो. आणि फाटकाशी जीप थांबली.

व्यंकटराव उतरले. पांढरं धोतर, मोठ्या मिशा, मागं दोन भाऊबंद. त्यांनी अंगण पाहिलं, भिंत पाहिली, खिशातून मोबाईल काढून फोटो पाहिला, परत भिंत पाहिली.

"फोटोत तर पांढरं दिसत हुतं."

नर्मदाबाईनं पदर सारखा केला. परमेश्वरनं डोळे मिटले. आता जे काही करायचं ते मलाच होतं. चाळीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसाची जीभ अशा वेळी आपणहून उठते.

"तो पहिला हात होता, व्यंकटराव," मी म्हणालो. "त्यावर हे डिझाईन काढून घेतलं. एकाच रंगाची घरं आता कोण करतंय? खास लांबून कलाकार बोलावला."

"आसं?" व्यंकटराव जवळ गेले. कळसांवरून बोट फिरवलं. "हात लय बारीक हाय बगा त्याचा. आन् ओलं कामून हाय?"

"ताजं आहे ना."

नेमक्या त्याच वेळी एक काळी शेळी त्यांच्या बगलेखालून पुढं आली, भिंतीवर दोन पाय टेकून उभी राहिली, आणि एका कळसाचं टोक नीट करू लागली.

व्यंकटराव तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं.

"ह्योच का तुमचा कलाकार?"

बोलण्यासारखं शेळीनं काही ठेवलं नव्हतं.

त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. आता रामराम येणार म्हणून मी हात जोडायच्या तयारीत. इतक्यात गवताआडून बिरू काठी घेऊन आला, आणि व्यंकटराव घर, भिंत, शेळी, सगळं विसरून त्याच्याकडं धावले.

"बिरू! आरं, तू हितं? तीन साल झाले तुला हुडकायलोय मी! मह्या रानात मेंढरं बसव म्हनून निरोप धाडू धाडू थकलो. मागच्या साली चारठान्यापर्यंत आलतो, तर तू कवाच पुढं गेलेला."

"काय करावं, मालक," बिरू डोकं खाजवत म्हणाला. "समदे वडतेत. एकच कळप हाय."

व्यंकटराव खाली बसले. अंगणातल्या लेंड्या त्यांनी ओंजळीत घेतल्या, चुरल्या, वास घेतला. सोनार पाहतो तशा पाहिल्या. "शिवाप्पा," ते म्हणाले, "मला वाटलं तुमी निस्ते दुकानदार. ह्या मानसाला तालुक्यातले बागायतदार हातापाया पडतेत, आन् तुमी त्याला अंगनात बसवला! आवो, ह्या मातीत आता लावाल ते यील."

"मी आधीपासून हेच म्हणत होतो," मी म्हणालो. (नर्मदाबाईनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं इथं लिहीत नाही.)

"बस्स. घर पटलं. पर एक अट हाय. बिरूची मेंढरं हितून सरळ मह्या रानात बसली पायजेत. त्येला राजी करायचा जिम्मा तुमचा."

म्हणजे माझ्या पोराचं लग्न आता बिरूच्या हातात! सगळे बिरूकडं पाहू लागले. परमेश्वर तर असा पाहत होता की नरसिंहाकडंही कधी पाहिलं नसेल. बिरूनं भिवराबाईकडं पाहिलं. भिवराबाईनं उघड्या दारातून आत थप्पी लावलेल्या पोत्यांकडं पाहिलं.

"त्येच्यात काय हाय? भित्तीवरचंच का?"

"खडेमीठ. उत्तम प्रतीचं," मी म्हणालो, आणि सवयीनं पुढं भाव सांगायला तोंड उघडलं. नर्मदाबाईनं माझ्या पायावर पाय दिला. "म्हणजे, तुमचंच आहे. घेऊन जा."

"समदी पोती?"

"समदी," नर्मदाबाई म्हणाली.

"मंग जातो पोखर्नीला," बिरू म्हणाला. "मेंढरांनी अप्पाचं मीठ खाल्लंय. मानसं इसरतेत, मेंढरं इसरत न्हाईत."

शेजारच्या हापशाचं पाणी आणून चहा झाला. अंगणात, गाजरगवताच्या सावलीत, सुपारी फुटली. काळ्या शेळीनं शिऱ्यातला वाटा घेतला आणि तिला कुणी हटकलं नाही.

माघात लग्न झालं. अर्पितानं घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या सांगितलं, "मामाजी, ह्या भिंतीला हात लावायचा नाही." आता वरून कंपनीचं पारदर्शक वॉर्निश दिलं आहे. सिद्धोधन तसले कळस गावात आणखी दोन घरांवर काढून आला. त्याला ब्रशनं ती सफाई साधत नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. आम्ही माडी सोडून इथंच राहायला आलो. सून गुणी आहे, पोरगा ताटावरून उठत नाही, सगळं छान आहे.

व्यंकटरावांचा शब्दही खरा ठरला. पाऊस पडला आणि त्या कसदार मातीत सगळं वर आलं. म्हणजे जे काही शिल्लक होतं ते. गाजरगवत या साली खिडकीच्या वर गेलं आहे, आणि कुरिअरवाले पुन्हा मागच्या शेतातून निघू लागले आहेत. मजूर मिळत नाहीत, म्हणून दर रविवारी सकाळी मीच खुरपं घेऊन बसतो.

परवा असाच उकिडवा बसलो होतो. रस्त्यानं जाणाऱ्या योगीराज कापडवाल्यानं फाटकातून हाक मारली, "काय अप्पा, या वयात हे काय काम?"

मी उत्तर जुळवेपर्यंत ओसरीवरून नर्मदाबाईचा आवाज आला.

"काही नाही हो भाऊजी. मेंढरांनी तोंड लावलं नाही, ते ह्यांच्या वाट्याला आलंय."