दोन फेऱ्यांचे नाबरकाका

आमच्या मीरा रोडच्या बाजारात नाबरकाका दिसले की भाजीवाले एकमेकांना खुणा करतात. काका या टोकापासून त्या टोकापर्यंत भाव विचारत जातात, काहीही घेत नाहीत, आणि तेच भाव पुन्हा विचारत परत येतात. "अंकल, अभी तो पूछा था!" असं कुणी करवादलं तर शांतपणे सांगतात, "वो जाते वक्त का था." फक्त उत्तनजवळच्या पाली या कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी फिलोमिना दोन्ही वेळा हसून भाव सांगते. म्हणून काका आठवड्यातून चारदा मासे खातात.

"एकतर्फी माप म्हणजे अफवा!" हे त्यांचं लाडकं वाक्य. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते कुणाचीही तक्रार आधी सुरुवातीपासून ऐकतात, मग शेवटापासून उलटी सांगायला लावतात. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

हा रोग नोकरीतला. काका छोट्या विमानातून समुद्रावर फिरतात आणि खालच्या लाटा अन् पाण्याचा प्रवाह यंत्रानं मोजतात. विमान लाटांच्या दिशेनं गेलं की लाट लांबट भासते, समोरून आलं की आखूड. लाटांच्या चालीवरून प्रवाह काढायचा, तर जाता-येता दोन्ही फेऱ्या हव्यातच. एका फेरीवर समाधान मानणाऱ्या नव्या साहेबांवर काकांचा भारी राग.

गेल्या महिन्यात फिलोमिनाचा नवरा बस्त्याव एकटाच बोट घेऊन गेला होता. सकाळी त्याचा फोन आला, "इंजन बंद पडलाय," आणि फोनही बंद झाला. बाजारात टोपली टाकून फिलोमिना रडत होती. मी तिला स्कूटरवरून पालीला नेलं आणि काकांना फोन लावला. योगायोगानं त्यांचं विमान त्याच दिवशी उत्तनसमोर उडणार होतं.

धुरकट हवेत वरून बोट काही दिसली नाही. ऑफिसात बसलेल्या नव्या साहेबांनी विमानाच्या जातानाच्याच फेरीवर हिशोब करून गावाला कळवलं, प्रवाह उत्तरेला आहे. गावच्या बोटी वसईकडे सुटल्या. तिकडे विमानात काका अडून बसले, "परत फिरवा." पायलट म्हणाला, इंधन बेताचं आहे. काका म्हणाले, "बेताचंच लागेल. त्याच रेघेवरून उलटं चला."

उतरल्या उतरल्या त्यांचा मला फोन. "बोटी वळवायला सांगा. पाणी दक्षिणेला चाललंय."

"नक्की, काका?"

"दोन्ही बाजूंनी घेतलंय!" ते इतक्या जोरात ओरडले की फिलोमिनालाही ऐकू गेलं.

"नाबरसाब बोल्ला ना? मंग वलवा बोटी!" तिनं गावाला हुकूम सोडला.

चारच्या सुमाराला बस्त्यावची बोट दोरानं ओढत आणली. दक्षिणेलाच सापडली होती. फिलोमिनानं नवऱ्याला आधी एक थप्पड मारली आणि मग मिठी. तेवढ्यात काका रिक्षातून उतरले. कोळ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि अख्खी पाली फिरवून आणली. मला इतका अभिमान वाटला, जसं काही ते माप मीच घेतलं होतं.

खाली उतरल्यावर मात्र काका वाळूत बाजूला जाऊन बसले. बस्त्यावभोवतीच्या गर्दीकडे बघत होते. काकांनी लग्न केलेलं नाही.

"त्याच्यासाठी केवढी माणसं थांबलीयत," ते म्हणाले. "मी तीस वर्षं विमानातून उतरतोय. न्यायला कधी कुणी आलं नाही."

फिलोमिना मागे उभी होती, तिनं ऐकलं.

परवा काका पुढचं उड्डाण संपवून विमानतळाबाहेर आले, तेव्हा दाराशी आम्ही तिघं होतो. बस्त्याव रविवारचा शर्ट घालून आला होता. काकांनी आम्हाला पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. चष्मा काढून पुसायला लागले.

"कवापासून उभी हाय मी!" फिलोमिना ओरडली. "चला घरा, जेवान थंड होतंय."