बदक बुटात का शिरलं?

"माझ्या हातून सुटलेला गुन्हेगार अजून जन्माला यायचाय," भावोजी चहाचा घोट घेत म्हणाले, "आणि आलाच, तर त्याला मी पाळण्यातूनच उचलीन."

समोर बसलेल्या मेव्हण्याने मान डोलावली. नोकरी सुटल्यापासून तो ताईकडे राहत होता आणि दोन वेळच्या जेवणाच्या बदल्यात भावोजींच्या गुप्तहेरगिरीत मदतनीस म्हणून राबत होता. ताईच्या हाताला चव होती, म्हणून टिकला होता. भावोजी निवृत्त वजनमापे निरीक्षक. आयुष्यभर तराजूंवर संशय घेतला, आता माणसांवर घेत होते. हरवलेल्या छत्रीचं त्यांचं प्रकरण फार गाजलं. त्यात दोन शेजाऱ्यांशी कायमचा अबोला झाला आणि छत्री भावोजींच्याच डाव्या हातात सापडली.

तेवढ्यात वाचनालयाच्या बालविभागातल्या बाई दारात आल्या. चेहरा पार उतरलेला.

"पुस्तकं चोरीला गेली?" भावोजींनी उत्साहाने विचारलं.

"चोरीला गेली असती तर पेढे... जाऊ दे, आनंदच झाला असता हो. कुणी नेतच नाही."

बाईंची पुस्तक सुचवायची एक पद्धत होती. मूल आलं की त्या त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसत आणि एकच प्रश्न विचारत : शेवटचं कशावरून रडलास? उत्तर ऐकून उठत आणि 'बाईंची शिफारस' असं लिहिलेल्या कपाटातून त्याला पुस्तक काढून देत. मूल ते छातीशी धरून निघे. पण बाहेरच्या टेबलावर नोंद करायला पोचेपर्यंत त्याच्या हातात भलतंच पुस्तक असे, आणि दर वेळी एकच : 'बदक आणि बूट'.

"समितीचे अध्यक्ष म्हणतात, मुलांची निवड स्पष्ट दिसतेय," बाई म्हणाल्या. "शनिवारच्या बैठकीत माझं कपाट हलवून तिथे नुसती बदकं भरायचं ठरतंय. कपाटाचं जाऊ द्या. पण कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक लागेल ते मला कळतं, या भरवशावर मी आजवर तिथे बसले. ते मला कळतच नसेल, तर मी तिथे करते काय?"

मेव्हण्याने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. भावोजींनी मात्र भिंग काढलं.

तपासाची सुरुवात पुस्तकापासून झाली. त्याचा संपूर्ण मजकूर असा होता : 'हे बदक. हा बूट. बदक बुटात गेले. झोपले. संपले.' भावोजींनी तो सरळ वाचला, उलटा वाचला, आरशात धरून वाचला. ही सांकेतिक भाषा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मग ती कशाची ते कळेना, तेव्हा पुठ्ठ्याच्या डिंकात काहीतरी गोड मिसळलं असावं असा दुसरा सिद्धांत मांडला आणि खात्रीसाठी मुखपृष्ठ चाटून पाहिलं.

"काय चव आहे?" मेव्हण्याने विचारलं.

"आधी कुणीतरी चाटलेलं आहे," भावोजी गंभीरपणे म्हणाले.

एक प्रत त्यांनी पुरावा म्हणून घरी आणली. मुलगा आणि सून कामासाठी परगावी गेल्याने त्यांची नात मुंगी सध्या आजीआजोबांकडेच होती. तपासाचा भाग म्हणून भावोजी तिला रोज झोपताना 'बदक आणि बूट' वाचून दाखवू लागले. दुसरा पाय खाटेवर घेण्याआधी त्यांचं वाचन संपलेलं असे. मग दिवा मालवून ते आपल्या रहस्यकथेकडे वळत. या तपासाचा त्यांनी एकदाही कंटाळा केला नाही.

तिसरा टप्पा होता वेषांतराचा. बालविभागात जुन्या स्नेहसंमेलनातला अस्वलाचा पोशाख पडून होता. त्यात मेव्हण्याला कोंबून भावोजींनी त्याला कोपऱ्यात बसवलं. "हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंकायचं नाही," असं बजावून ते स्वतः पडद्यामागे उभे राहिले. पडदा गुडघ्यापर्यंतच होता, त्यामुळे सगळी मुलं येताजाता त्यांच्या बुटांना "नमस्कार आजोबा" म्हणून जात होती.

अस्वलाचे डोळे मेव्हण्याच्या हनुवटीपाशी येत होते. मान कितीही वर केली तरी त्याला फक्त जमीन दिसायची. दोन मुलींनी त्याला टेकून अख्खं पुस्तक पाहिलं, एकाने त्याच्या कानात गोळी दडवून ठेवली. संध्याकाळी पोशाख उतरवायला गेला, तर पाठीवरची चेन अडकली ती अडकलीच.

"काय दिसलं?" भावोजींनी विचारलं.

"फक्त बूट," अस्वलाच्या पोटातून आवाज आला. "छोटे बूट बाईंकडून उड्या मारत निघतात. दाराजवळ मोठ्या बुटांपाशी थांबतात. तिथे काहीतरी कुजबुज होते आणि मग छोटे बूट पाय ओढत जातात. भावोजी, मला वाटतं, ते मोठे बूट..."

"बूट!" भावोजी किंचाळले. "अरे, बूटच! बदक निव्वळ दिखावा आहे. ही बुटांची जाहिरात आहे! आणि गावात बुटांचं सगळ्यात मोठं दुकान कुणाचं?"

"अध्यक्षांचं. पण भावोजी, मी काय म्हणतो..."

"अस्वलांनी मधे बोलू नये."

शनिवारी बैठक बालविभागातच भरली. अध्यक्ष, समितीचे सभासद आणि मुलांचे आईवडील लहान लहान लाल खुर्च्यांवर गुडघे कानाशी घेऊन बसले होते. मेव्हणा अजून अस्वलातच होता. ताईला गावाला जावं लागल्याने मुंगीलाही बरोबर आणावं लागलं होतं. बाईंनी सवयीने तिच्यासमोर बसकण मारली आणि विचारलं, "शेवटचं कशावरून रडलीस ग?"

"माझा चमचा हरवला म्हणून."

बाईंनी तिला कपाटातून 'उंटाची उशी' काढून दिली. या कपाटातून दिलेलं बहुधा हे शेवटचंच, असं म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

भावोजी उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती तशीच मागे घेऊन त्यांनी खोलीभर फेऱ्या मारल्या आणि एकदम अध्यक्षांकडे बोट रोखलं. "या कोवळ्या जिवांना बदकाच्या मिषाने बुटांच्या नादी लावणारा सूत्रधार, हा इथे बसलाय!"

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का?" अध्यक्ष कडाडले. "माझ्या दुकानात लहान मुलांचे बूट मिळतच नाहीत! बास झालं. कपाट आत्ताच्या आत्ता हलवा."

दोन सभासद उठून कपाटाला भिडले. मेव्हण्याला पुढे व्हायचं होतं, पण अस्वलाचं कोण ऐकतं?

"आजोबा," मुंगीने भावोजींचा सदरा ओढला, "आज बदक नको ना. आज हे वाचायचं."

"अग, पण तुला बदक आवडतं ना?"

"नाही. ते तुम्हाला आवडतं. ते लगेच संपतं. मग तुम्ही दिवा बंद करता."

दाराशी बसलेला एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "माझ्या बाबांना पण तेच आवडतं." एका आईने पर्स उघडून उगाच आत पाहिलं. बाकीचे आईवडील आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

"काहीतरीच! माझा नातू तर रोज हट्टाने..." अध्यक्षांनी सुरुवात केली आणि मधेच थांबले. "म्हणजे, मी पण दिवसभर दुकानात उभा असतो हो," ते हळूच म्हणाले.

बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम करू लागल्या. मुलांच्या बाबतीत त्यांचं काही चुकलंच नव्हतं. सभासदांनी कपाट सोडलं आणि हात झटकले. बाईंनी 'बदक आणि बूट'च्या सगळ्या प्रती गोळा केल्या, शेजारच्या खोलीत नेल्या आणि 'मोठ्यांसाठी' अशी पाटी असलेल्या फळीवर नीट लावून ठेवल्या.

"मला पहिल्यापासून संशय होताच," भावोजी घरी जाताना म्हणाले. अस्वलाने मान डोलावली.

त्या संध्याकाळी परत आलेली ताई कात्रीने अस्वल उसवत होती आणि भावोजी खाटेवर मुंगीला 'उंटाची उशी' वाचून दाखवत होते. उंटाची उशी हरवली होती आणि तो बसल्या जागेवरून एकेका प्राण्याकडे चौकशी करत होता.

"शेळी!" भावोजी म्हणाले. "तिची नजर बघ. उशी शेळीनेच खाल्ली."

"पान उलटा," मुंगी म्हणाली.

शेळीने खाल्ली नव्हती. भावोजींचा संशय मग माकडावर गेला, माकडावरून कासवावर, आणि पार चंद्रावरही. दर वेळी मुंगी शांतपणे "पान उलटा" म्हणत होती. शेवटच्या पानावर उंट उभा राहिला. उशी त्याच्याच बुडाखाली होती.

भावोजींनी पहिलं पान काढून भिंग लावलं. बसलेल्या उंटाखालून उशीचा एक कोपरा स्पष्ट बाहेर आला होता.

"मला तिथेच दिसली होती," मुंगी म्हणाली.

"मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर तुम्ही वाचायचं थांबला असता."

अर्धं अस्वल, अर्धा माणूस असलेल्या मेव्हण्याने ताईकडे पाहिलं. तिची कात्री थांबली होती. भावोजींनी भिंग खिशात ठेवलं, दुसरा पाय खाटेवर घेतला आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडलं. या वेळी त्यांनी शेळीवर अजिबात संशय घेतला नाही.