पंतांची गाडी हलली!

मंडळी, पाहुण्यांना गाव कसं दाखवावं ते माझ्याकडून शिकावं! मावशीच्या दिरापासून ऑडिटरपर्यंत सगळ्यांना मी अंबरनाथ-बदलापूर फिरवून आणलंय आणि एकही जण ‘तुमच्याकडे बघण्यासारखं काही नाही’ असं म्हणून परत गेलेला नाही. (एक गेला होता, पण त्याचं पोट बिघडलं होतं.) त्यामुळे आमच्या वरदचे होणारे सासू-सासरे वाईहून घर बघायला येणार म्हटल्यावर मी मिशीवरून हातच फिरवला.

माधवीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, विचारलं, “आणि पुराचं काय?”

“कसला पूर?”

“तुम्ही त्यांना सांगणार आहात का नाही?”

आता तुमच्यापासून काय लपवायचं! आम्ही बदलापूरच्या मांजर्लीत राहतो, तळमजल्यावर. उल्हास नदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि एखाद्या पावसाळ्यात ती हाक न मारताच घरात येते. वरद आणि वृंदाचं ऑफिसात जमलं होतं, पोरगी गोड, तिची आई राजी. अडलं होतं ते फक्त वडिलांपाशी. जयदेवराव पिसाळ! त्यांनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, “घर आणि गाव डोळ्यांनी बघतो, मग सांगतो.” त्यांना पुराचा वास जरी लागला असता तरी वरदचं लग्न बोंबललं असतं. पोरगा तर आठवडाभर जेवतही नव्हता.

म्हणून मी योजना आखली. नदी सोडून सगळं दाखवायचं! भिंतीवर गेल्या पुराची खूण होती, तिच्यावर एका भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला. आता भावी नगरसेवक थेट आमच्या सोफ्यावर हसत होते, पण खूण झाकली गेली. राहिली माझी जुनी गाडी. पुरात ती एकदा पूर्ण न्हाली होती आणि तेव्हापासून तिच्यातून ओल्या गोणपाटासारखा वास येतो. पाहुण्यांच्या नाकापर्यंत तो वास जायलाच नको, म्हणून श्रावणातल्या त्या लखलखीत रविवारी सकाळीच मी ती बाहेर काढली आणि उड्डाणपुलावर नेऊन लावली.

पुलावरच का, असं तुम्ही विचाराल. अहो, सवय! पाणी चढायला लागलं की आम्ही सगळे गाड्या पुलावरच लावतो. दुसरी जागा मला सुचलीच नाही. हात आपोआप तिकडे वळले.

बरोबर दहाला जयदेवराव आणि वहिनी आपल्या गाडीतून आले. सोसायटीत न नेता मी त्यांना नाक्यावरच अडवलं, वरद आणि मी त्यांच्याच गाडीत बसलो आणि मी सुरू केलं, “आपलं बदलापूर म्हणजे ऐतिहासिक बरं का! इथे म्हणे सैन्याचे घोडे बदलायचे...”

“नदी कुठंय?” जयदेवरावांनी विचारलं.

“नदी? आहे ना. पण आधी देऊळ!”

अंबरनाथचं शिवमंदिर बघून कोणाचीही बोलती बंद होते. साडेनऊशे वर्षांहून जुना दगड, भिंतीभर मूर्ती, पायऱ्या उतरून खाली गेलं की गार गाभारा. वहिनींनी हात जोडून डोळे मिटले. मी खांबांवर व्याख्यान दिलं. जयदेवराव मात्र कंपाउंडपलीकडे मान उंच करून बघत होते.

“ही तुमची नदी का?”

“छे छे! ही वालधुनी. आमची नदी वेगळी.”

“ती कुठंय मग?”

“जरा लांब पडते!”

वरदने मला चिमटा काढला. माझ्या खिशात फोन थरथरत होता. सोसायटीचा ग्रुप असणार, रविवारी तिथे गुड मॉर्निंगचा महापूर असतो. मी फोन बंदच करून टाकला.

तिथून उल्हासनगर कॅम्प चार. माझ्या ठरलेल्या दुकानात दाल पकवान मागवला. सिंधी शेठ म्हणाले, “साईं, मेहमान को पहली बार लाए हो? मीठी चटणी जास्ती देता हूं!” वहिनी खूश झाल्या. पकवानचा कुरकुरीत तुकडा मोडत जयदेवराव म्हणाले, “झकास आहे. पण पंत, पावसाळ्यात तुमची नदी किती चढते हो?”

माझ्या घशात डाळ अडकली! “चढते कसली! गरीब आहे बिचारी.”

त्यावर ते नुसतेच “हं” म्हणाले. मंडळी, त्या ‘हं’ने माझं पाणी पाणी झालं. हा माणूस सगळं ओळखून आलाय, आता वृंदा काही आपल्या घरात येत नाही, असं मला स्वच्छ दिसायला लागलं.

परत येताना आमची गाडी उड्डाणपुलावर आली आणि मी डोळे चोळले. पुलाच्या कडेला रांगच रांग! पुढे माझी, तिच्यामागे दुसऱ्या मजल्यावरच्या सुयोगची, त्याच्यामागे चेअरमनची, मग स्कूटर, रिक्षा, कोणाची तरी लहान मुलाची सायकलसुद्धा!

“आज बाजार आहे का इथं?” वहिनींनी विचारलं.

“हो! गाड्यांचा!” मी म्हणालो. वरदने कपाळावर हात मारला, कारण त्याच्या आधी लक्षात आलं होतं. माझ्या नंतर आलं.

त्याचं असं आहे, मी कारखान्यात असताना पाण्याच्या पंपावर होतो, त्यामुळे मला पाण्यातलं कळतं असा सोसायटीचा गोड गैरसमज आहे. गेल्या दोन्ही वेळेला मी गाडी आधी हलवली आणि मागून पाणी आलं. तेव्हापासून आमच्याकडे कोणी हवामानाच्या बातम्या ऐकतच नाही. पंतांची गाडी हलली की सामान हलवायचं! इथे ऊन का असेना, वर, नदी जिथून येते त्या कर्जतकडे कोसळलं असेल. कोणत्या तळमजल्याचा फ्रिज कोणत्या वरच्या घरात जायचा हेही ठरलेलं आहे.

गेटवर वॉचमन सदू शिट्टी फुंकत होता. मला बघताच धावत आला. “सायेब! शिट्टी मारून मारून गाल दुखलं माझं. समद्यांस्नी वर काढलंय! पानी कुठवर आलंय?”

“गप रे!” मी ओरडलो. उशीर झाला होता. जयदेवराव खाली उतरले होते.

जिन्यात जत्रा भरली होती! गाद्या, पंखे, मिक्सर, एक आजोबा खुर्चीसकट वर चालले होते. मधल्या वळणावर आमचा फ्रिज अडकला होता. त्याला सुयोग आणि चौघे जण लटकले होते आणि खाली माधवी कमरेला पदर खोचून ओरडत होती, “अहो, पूर नाही, पाहुणे येतायत! माझ्या पुरणपोळ्या खाली आणा!”

“वहिनी, मागच्या वेळी पण तुम्ही असंच म्हणाला होतात!” सुयोग वरून म्हणाला. “पोळ्या सेफ आहेत, मेरे किचन में! पंत, आलात? टेन्शन नाय, गॅस पण वर गेला!”

कोणीतरी घाईत भावी नगरसेवकांनाही पळवलं होतं. उघड्या दारातून समोरची भिंत दिसत होती. कमरेच्या वर गेलेली मातकट रेघ, अगदी ठळक!

मी हात जोडले. “जयदेवराव, खोटं बोललो. पाणी येतं आमच्याकडे. आज येणार नाही, पण येतं. वरदची काही चूक नाही.” वरद जमिनीकडे बघत उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

जयदेवराव माझ्याकडे बघतच नव्हते. ते फ्रिजकडे बघत होते.

“अरे अरे, आडवा नका करू!” ते एकदम गरजले. “उभाच धरा! दार दोरीनं बांधलंय का? नाही? मग उघडणार की मधेच!” असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि फ्रिजला खालून खांदा दिला. वहिनी माधवीला विचारत होत्या, “देव वर गेले? आणि कागदपत्रांची पिशवी? आमच्यात आधी देव, मग कागद, मग धान्य.”

“तुमच्यात?” मी विचारलं.

जयदेवराव फ्रिजखालूनच धापा टाकत बोलले, “आमचं घर घाटाला लागूनय पंत! कृष्णामाई ओटा चढून माजघरात येती. हे तुम्हाला कसं सांगावं म्हणून रात्रभर झोप नाही मला. तुमची नदी बघायची होती ती त्यासाठीच. म्हटलं, थोडं तरी पाणी तुमच्यातही येत असंल तर तोंड उघडायला सोपं जाईल!”

“आणि मी विचार करत होते,” वहिनी म्हणाल्या, “की कोरड्या घरात आमची पोरगी कशी रुळायची!”

मला हसू का रडू कळेना. छातीवरचा धोंडा असा उतरला की मी तिथेच पायरीवर बसलो. वरदला जयदेवरावांनी एका हाताने जवळ ओढलं. “बघत काय बसलात जावईबापू? तिकडून धरा!”

जावईबापू! माधवीने डोळे पुसले आणि लगेच सुयोगवर ओरडली, “आता तरी पोळ्या आणा रे!”

पोळ्या काही खाली आल्या नाहीत, आम्हीच वर गेलो. सुयोगच्या घरात चार फ्रिज आणि सात गाद्यांच्या मधे अख्ख्या सोसायटीने पुरणपोळी खाल्ली आणि साखरपुड्याची तारीख ठरवली.

निघताना मी जयदेवरावांना अभिमानाने विचारलं, “मग? आमच्या गावातलं सगळ्यात जास्त काय आवडलं?”

“जिना!” ते क्षणभरही न थांबता म्हणाले. “न सांगता माणसं दुसऱ्याचा फ्रिज उचलतात, असा जिना आमच्याकडं नाही.”

ही गोष्ट त्यांनी वाईभर सांगितली असावी. कारण परवा त्यांचे एक चुलतभाऊ सहकुटुंब आले. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, “आपलं अंबरनाथचं देऊळ म्हणजे साडेनऊशे वर्षांहून...”

“देऊळ बघू की निवांत,” ते चप्पल काढता काढता म्हणाले. “आधी तो जिना दाखवा!”